दुधाची पंगत

पिंपळे सौदागरच्या पोरांना रोज दूध मिळायचं आणि पुनावळ्याच्या पोरांचं महिन्यातून एकदा नुसतं वजन व्हायचं. दोन्ही कामं माझ्याकडे होती, त्यामुळे दोन्ही गावांतली बोलणी मीच खाल्ली. पिंपळ्यात कमी, पुनावळ्यात जास्त. पुनावळ्यातली बोलणी मला फार लागायची, कारण ती रास्त होती.

पन्नासच्या दशकातली मधली वर्षं ती. पिंपरीत औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता. माझ्या नवऱ्याला तिथे नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याकडून आलो आणि पिंपरी गावात एका खोलीत बिऱ्हाड थाटलं. पलीकडे निर्वासितांचा कॅम्प, अलीकडे कारखान्याचा भोंगा, मधे आम्ही. लग्नाआधी मी नर्सिंगचा कोर्स अर्धा केला होता. अर्धाच, कारण सासरच्यांना नर्स सून नको होती. तो राग माझ्या मनातून कधी गेला नाही आणि घालवायचा मी प्रयत्नही केला नाही. पुण्याच्या एका डॉक्टरबाईंना खेड्यांत फिरणारी, लिहितावाचता येणारी बाई हवी आहे असं कानावर आलं, तेव्हा मी नवऱ्याला विचारलं नाही, सांगितलं. तो भला माणूस. "चपला घालून जा, तिकडे काटे फार," एवढंच म्हणाला.

डॉक्टरबाई चाळिशीच्या, बिनलग्नाच्या. पांढरी सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा. आवाज कधी चढवत नसत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताना माझाच आवाज तेवढा ऐकू यायचा. मुंबईच्या एका धर्मादाय ट्रस्टकडून त्यांनी खटपट करून अनुदान मिळवलं होतं. ट्रस्ट ज्या घराण्याचा, त्या घरातला एक लहान मुलगा फार पूर्वी आजारात गेला होता. मुलांच्या तब्येती का बिघडतात याचं संशोधन व्हावं म्हणून त्याच्या आजोबांनी मृत्युपत्रात पैसा ठेवला होता. दूध वाटायला नव्हे, संशोधनाला. माझा पगार त्यातूनच यायचा.

आईच्या अंगावरून सुटलेली पोरं, म्हणजे साधारण दीड-दोन वर्षांपासून पुढची, आमच्या भागात वाळत जायची. पाय सुजायचे, पोट पुढे यायचं, केस तांबूस व्हायचे आणि पोर रडायचंही बंद व्हायचं. बायका त्याला बाहेरचं काहीतरी लागलं म्हणायच्या. बाईंचं म्हणणं, याला दुसरं तिसरं काही नको, दूध हवं. घरोघरी म्हशी होत्या, पण ते दूध पहाटेच कॅम्पात आणि कारखान्याच्या वस्तीत विकायला जायचं. एकदा एकीला मी झापलं, की दूध लोकांना घालता आणि पोरांना कोरा चहा पाजता. ती म्हणाली, "मग मीठमिरची कशानं आणायची, तुमीच सांगा." मी तरी कारखान्याच्या पगारावर भाजी आणत होते.

तर बाईंना हे दाखवून द्यायचं होतं. मुंबईकरांनी पद्धत ठरवून दिली. दोन सारखी गावं घ्यायची. एका गावाच्या पोरांना वर्षभर पावडरचं दूध द्यायचं, दुसऱ्या गावाला काही द्यायचं नाही. वजन दोन्हीकडे करायचं. वर्षअखेर फरक दिसला, की ट्रस्ट आणखी पैसे देणार आणि मग आजूबाजूच्या सगळ्या गावांना दूध मिळणार.

मला हे पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं, आणि न पटलेलं पोटात ठेवायची मला सवय नाही.

"म्हणजे पुनावळ्याची पोरं वाळत जाणार आणि आपण ती तोलून बघत बसायचं?" मी विचारलं.

बाईंनी चष्मा पुसला. "दोन्ही गावांना मागितलं असतं तर एकालाही मिळालं नसतं. त्यांना फरक बघायचाय. एकदा फरक दिसला, की पुनावळ्याचा नंबर पहिला."

हेच मग मी पुनावळ्यात घरोघर सांगत फिरले. पुढच्या वर्षी तुमचा नंबर. त्याशिवाय तिथल्या बायका पोरांना काट्याजवळ येऊ देईनात. झाडाच्या फांदीला ताणकाटा अडकवायचा, त्याला झोळी बांधायची आणि झोळीत पोर. बाजारातल्या वांग्यांसारखं पोर तोलायचं हे त्यांना भयंकर वाटायचं. अमावास्येला नको, शनिवारी नको, आकडा मोठ्यानं सांगायचा नाही. वजन झालं की तिथल्या तिथे मीठमोहऱ्या ओवाळून टाकायच्या. मी आकडा पुटपुटत लिहायची आणि पोराच्या गालाला काजळाचं बोटही लावायची. डॉक्टरबाईंनी ते चालू दिलं.

वर्ष निम्मं सरल्यावर तिथेच मला एक आई भेटली; काट्याच्या भीतीनं तिनं तोवर पोर आणलंच नव्हतं. विशी-बाविशीची असेल. आधीची दोन पोरं अंगावरून सुटल्यावर गेली होती. तिसरी मुलगी दीड वर्षाची, आणि आता चौथ्याचे दिवस राहिले होते, त्यामुळे मुलीला अंगावरून तोडलेलं. पहिल्या वजनाला मुलगी झोळीत ठेवली तर ती हललीसुद्धा नाही. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. आई माझ्या तोंडाकडे बघत होती.

"हिचं बी त्येंच्यावानीच व्हनार व्हय, बाई?" तिनं विचारलं. आधीच्या दोघांबद्दल बोलत होती.

"पुढच्या वर्षी दूध येईल," मी म्हणाले.

"फुडल्या वर्षी," ती म्हणाली आणि मुलीला उचलून गेली.

त्या दिवशी मी पिंपरीला परत येईपर्यंत स्वतःशी भांडत होते. पुढचं वर्ष हा त्या मुलीच्या हिशेबात नसलेला काळ होता, आणि मी तो तिच्या आईला मोठ्या तोंडानं देऊन आले होते.

पिंपळ्यात जायला नदी ओलांडावी लागे. पाणी असलं की होडी, नसलं की साडी वर धरून चालत. चावडीसमोर चिंचेखाली चूल मांडली होती. मोठ्या पातेल्यात पाणी उकळायचं, पावडर टाकायची, गुठळ्या मोडेपर्यंत रवीनं घुसळायचं. पहिल्या दिवशी निम्म्या पोरांनी थुंकून टाकलं. हाडाचा चुरा आहे, अशी आवई उठली. मग मी त्यात गूळ घातला आणि आवई आपोआप विरली. घरी न्यायला द्यायचं नाही, आपल्यासमोर पाजायचं, असा नियम होता. म्हणून पोरांना ओळीनं बसवलं. प्रत्येकानं आपापलं फुलपात्र आणायचं, मी ओगराळ्यानं वाढत जायचं.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी गावातल्या एका वजनदार म्हाताऱ्यानं काठीनं खुणावून ओळीतली तीन पोरं उठवली. ती गावकुसाबाहेरच्या वस्तीतली होती. पोरं रिकामी फुलपात्रं घेऊन मुकाट उभी राहिली. त्यांना सवय होती. नेमक्या डॉक्टरबाई त्या दिवशी आल्या होत्या. मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी त्या पोरांना हाताला धरून जागेवर बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "या ओळीत बसलेलं पोर कुणी उठवायचं नाही. मग ते कुणाचंही असो. पटत नसेल तर मी दूध बंद करीन."

दोन-चार दिवस काही बायकांनी पोरं पाठवली नाहीत. मग पाठवली, पण आपली पोरं पार दुसऱ्या टोकाला बसवली. बसवू देत. ओळ एकच राहिली, आणि गावात तिला दुधाची पंगत असं नाव पडलं. मला त्या दिवसांत खरंच वाटलं होतं, की हे काम तडीला जाईल.

पुढे एकदा पुनावळ्याच्या वजनाला ती आई आणि मुलगी आल्या नाहीत. सासू म्हणाली, "म्हायेरी गेलीया." मुलीच्या नावापुढची जागा मोकळी ठेवून मी परतले. गर्भारपणाचं निमित्त करून बाई माहेरी जायची आणि आजारी मुलगी तिकडेच संपायची, असं मी ऐकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी पिंपळ्यात पंगत बसली. मी वाढत वाढत गेले तर एका पोराच्या शेजारी ती मुलगी भिंतीला टेकवून बसवलेली. समोर पितळी वाटी. मागे तिची आई, आणि आईशेजारी त्या पोराची आई, म्हणजे हिची भावजय.

हिचं माहेर पिंपळ्याचं निघालं. आणि हे काही नवल नव्हतं. मुंबईकरांना सारखी गावं हवी होती आणि ती सारखी होतीच. तीच ज्वारी-बाजरी, तशीच घरं, तीच आडनावं. का सारखी होती, एवढं मात्र कुणी विचारलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या पिंपळ्याच्या लेकी पुनावळ्यात आणि पुनावळ्याच्या लेकी पिंपळ्यात दिलेल्या होत्या. निम्मं पुनावळं पिंपळ्याचं व्याही होतं.

"ही पुनावळ्याची आहे," मी भावजयीला म्हणाले. "हिला दूध देता येत नाही."

"का वं?"

"तिकडे फक्त वजन करायचंय."

"अवो बाई, पंगतीत बसलीया ती. डाक्टरीणबाईच म्हणल्या न्हवं, बसल्यालं प्वार उठवायचं न्हाई, कुणाचं बी असू?"

"ते वेगळं."

"येगळं कसं?" भावजयीनं आपल्या पोराच्या फुलपात्रातलं निम्मं दूध त्या वाटीत ओतलं. "वन्सं, पाजा तिला. माझ्या पोरानं प्यायचं आन् नणंदेच्या पोरीनं बघत ऱ्हायाचं? मग आमी तोंड कुटं लपवायचं?"

मी पुढच्या फुलपात्राकडे सरकले. त्या संध्याकाळी मी डॉक्टरबाईंना निरोप धाडला आणि आठवड्यानं त्या आल्या. एव्हाना पंगतीत पुनावळ्याची आणखी पोरं दिसू लागली होती. लेकींना माहेरची बोलावणी गेली होती. सणवार नाही, काही नाही, पण पिंपळ्याच्या म्हाताऱ्या गाडी जुंपून लेकींना आणत होत्या, की पोरांना दूध मिळतंय, चार दिवस ये. चार दिवसांसाठी आलेल्या लेकी हलायचं नाव घेत नव्हत्या.

बाई मला म्हणाल्या, "हे चालू दिलं तर संशोधन संपलं. त्यांना समजावून उठवावं लागेल. मीच उठवते." त्या पंगतीच्या टोकापासून निघाल्या. पुनावळ्याची पोरं कोणती ते मी नजरेनं दाखवत होते. पहिलीच ती मुलगी होती. बाई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. पायाची सूज बघितली, डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली. मुलीनं त्यांच्या चष्म्याकडे हात नेला. आठवड्यापूर्वी ती माशीसुद्धा हाकलत नव्हती. बाईंनी तिला चष्मा धरू दिला. मग उठल्या, माझ्या हातातलं ओगराळं घेतलं आणि वाटी भरली.

"बाई," मी म्हणाले, "आता?"

"आता पावडर जास्त लागेल," त्या म्हणाल्या.

कुणी म्हणेल इथे चुकलं. मला अजूनही तसं वाटत नाही. त्या मुलीला उठवायला हवं होतं असं जो म्हणेल, त्यानं तिच्यापुढे एकदा बसून दाखवावं.

मुलगी सुधारली. हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून खात्रीनं लिहिते. सूज उतरली तेव्हा तिचे पाय इतके बारीक निघाले, की आई घाबरली. मग त्यावर मांस चढलं. ती रांगू लागली, पातेल्याच्या दिशेनं. ओगराळ्याचा आवाज झाला की ओरडायची. गुळाची सवय अशी लागली, की गूळ कमी पडला तर वाटी माझ्या अंगावर भिरकावायची. तिचा तो राग मला फार आवडायचा. मी तिला 'माझी सासू' म्हणायची आणि तिची आई तोंडाला पदर लावून हसायची.

वर्ष संपलं. बाईंनी पुण्यात बसून दोन्ही गावांची वजनं मांडली, आणि एका दुपारी माझ्या खोलीवर आल्या. कधी येत नसत. मी चहा ठेवला. त्या म्हणाल्या, "फरक नाही."

पिंपळ्याची पोरं हवी तेवढी वाढली नव्हती, कारण त्यांच्या फुलपात्रातलं निम्मं पाहुण्यांच्या वाटीत गेलं होतं. पुनावळ्याची अपेक्षेपेक्षा बरी निघाली होती, कारण ती पिंपळ्यात दूध पीत होती. दोन्हीकडची पोरं थोडी थोडी सुधारली होती आणि कागदावर सारखी दिसत होती. मी तेव्हा मोठ्यानं हसले. हसू कसलं, संतापच तो. दोन गावांनी मिळून पोरं जगवली आणि त्याचा अर्थ असा निघत होता, की दुधानं काही होत नाही.

"खरं काय झालं ते लिहा ना," मी म्हणाले.

"लिहिलंय. त्यांचे एक विश्वस्त बघायला येताहेत."

विश्वस्त मोटारीनं नदीपर्यंत आले आणि होडीत बसून पलीकडे. साठीचे, धोतर-कोट घातलेले, मृदू बोलणारे गृहस्थ. मी त्यांचा दुस्वास करायचं आधीच ठरवून ठेवलं होतं, पण त्यांनी तशी संधी दिली नाही. पंगतीच्या कडेनं ते अनवाणी फिरले. पोरांच्या डोक्यावरून हात फिरवला. मग भावजयीच्या पोराजवळ थांबून त्यांनी शेजारच्या मुलीबद्दल विचारलं, "ही धाकटी का?"

"न्हाई जी," भावजय अभिमानानं म्हणाली. तिच्या दृष्टीनं ही गावाची शोभा होती आणि मुंबईच्या पाहुण्याला ती दिसायलाच हवी होती. "ही माझ्या नणंदेची. पुनावळ्याची. ती तिकडली समदी पुनावळ्याची. आमी कुणाला तोंड वासून बसू देत न्हाई. वाटून पितो."

"छान," विश्वस्त म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते, ते मी पाहिलं. मग चावडीत बसल्यावर त्यांनी डॉक्टरबाईंना सांगितलं, "बाई, हे जे चाललंय त्याला मी हात जोडतो. पण याला संशोधन म्हणता येणार नाही."

बाईंनी दुसरा प्रस्ताव तयार ठेवला होता. आणखी एक वर्ष द्या. पिंपळं आणि पुनावळं दोन्ही गावांना दूध द्या, आणि तुलनेला लांबचं, सोयरीक नसलेलं गाव घ्या. विश्वस्तांनी सगळं ऐकून घेतलं. मंडळापुढे ठेवतो म्हणाले. मग म्हणाले, "खोटी आशा लावत नाही. एकदा फसलेल्या प्रयोगाला मंडळ पुन्हा पैसे देत नाही. आणि नुसतं दूध वाटायला मृत्युपत्र आड येतं."

"मग दोन महिने तरी चालू ठेवा," मी मधेच बोलले. "चार मुलांची नड आहे म्हणून. त्या मुलीच्या आईचं बाळंतपण होईपर्यंत."

"कुठल्या खात्यातून दाखवू?" त्यांनी मला विचारलं, आणि ते खरंच विचारत होते. मला खाती ठाऊक नव्हती. त्यांना ठाऊक होती आणि त्यांनाही सापडलं नाही.

मंडळानं नाही म्हटलं. काटा आणि उरलेले डबे ट्रकमध्ये भरून गेले. पिंपळ्यात पुढे काही दिवस सकाळी पोरं चिंचेखाली येऊन बसायची, असं मला होडीवाल्यानं सांगितलं. मी बघायला गेले नाही. माझ्यानं ते झालं नसतं.

त्या मुलीची आई सासरी परतली. चौथ्या बाळंतपणाला माहेर कशाला, असं सासूचं म्हणणं. डॉक्टरबाईंनी पदरचे पैसे घालून पावडरचे दोन डबे घेतले आणि मी ते पुनावळ्याला पोचवले. बजावून सांगितलं, फक्त मुलीला. पुढच्या खेपेला गेले तर डबे रिकामे. घरात कुणी पाहुणे आले होते, त्यांच्या चहाला लागलं, मग शेजारच्या आजारी म्हाताऱ्याला दिलं, मग दिराच्या पोरांना. मी सासूला ताडताड बोलले. ती म्हणाली, "घरात दूध असताना पावन्याला कोरा च्या देऊ व्हय?" मला त्या क्षणी तिचा, पिंपळ्याचा, पंगतीचा, साऱ्या वाटून पिणाऱ्यांचा इतका राग आला, की मी पाणीसुद्धा न पिता निघाले. वाटेत तो उतरला. मग कुणावर रागवायचं तेच कळेना.

मुलीच्या पायाला पुन्हा सूज दिसली होती. डॉक्टरबाईंनी तिला पुण्याच्या दवाखान्यात आणायला सांगितलं. घरच्यांनी सुगी झाल्यावर बघू म्हटलं. त्यात माझा नवरा तापानं पडला आणि माझं जाणं महिनाभर राहिलं.

पुन्हा गेले तेव्हा ती आई ओट्यावर बसली होती. मांडीवर नवं पोर, मुलगा. मला बघून तिनं पदर सावरला.

"गोवर आला आन् तीन दिसांत गेली," ती म्हणाली.

मी तिथेच जमिनीवर बसले. मला रडू फुटलं. तिच्यासमोर रडायचा मला काही अधिकार नव्हता, पण आवरलं नाही. तिनंच आत जाऊन मला पाणी आणून दिलं. मग माझं रडणं थांबेपर्यंत ती पोराला थोपटत बसली. तिला मला काहीतरी विचारायचं होतं आणि ती वाट बघत होती.

"बाई, त्या मुंबईच्या सायबाला फरक बघायचा हुता न्हवं?"

"हो."

"पिंपळ्याची पोरं आन् आमची पोरं सारखीच निगाली, म्हून दूध बंद केलं. वैनी म्हणली मला."

"हो."

"मग आता पडला की फरक," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. ती मला एक कामाची गोष्ट सांगत होती. "वैनीचा पोरगा हाय, माझी पोर ऱ्हायली न्हाई. सांगा त्येंला. मागल्या खेपंला माझ्यामुळं चुकलं आसंल, पर आता तर दिसतंय न्हवं?"

काय सांगायचं होतं मी तिला? की काम बंद झाल्यानंतर गेलेलं पोर त्यात धरत नाहीत? की ते मंडळ आता दुसऱ्या कुठल्या आजाराच्या मागे लागलं आहे? ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सांगते," मी म्हणाले.

"किती दिस लागत्याल?"

"लागतील थोडे."

तिनं मान डोलावली आणि पोराला पदराखाली घेतलं. "लागू द्या," ती म्हणाली. "तवर हाय त्यो माझ्या अंगावर."